बिनपगारी, फुल अधिकारी

२९ मार्च २०२४ हा गुड फ्रायडेचा दिवस होता. त्या दिवशी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने संगणक-सुरक्षेची चर्चा करणाऱ्या मंडळींना एक पत्र पाठवले आणि जगभरच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांची जोडून आलेली सुट्टी पाण्यात गेली. फ्रॉइंड हे काही सुरक्षातज्ज्ञ नव्हेत. ते मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करतात आणि पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसच्या उभारणीत त्यांचा हात आहे. डेटाबेसच्या वेगाची मोजमापे घेत असताना त्यांच्या लक्षात आले की, दुरून संगणकात प्रवेश देणारा ‘एसएसएच’ हा प्रोग्रॅम उगाचच जास्त काम करतो आहे. प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत होता. दुसऱ्या कुणी हा अर्धा सेकंद सोडून दिला असता. फ्रॉइंड यांनी तो सोडला नाही. माग काढत ते पोहोचले ते ‘एक्सझेड’ नावाच्या एका लहानशा सॉफ्टवेअरपाशी.

एक्सझेडचे काम अगदी साधे. मोठी फाइल दाबून लहान करायची आणि हवी तेव्हा पुन्हा उलगडायची. हे काम लिनक्सवर चालणाऱ्या जवळपास प्रत्येक संगणकाला लागते. बँकेचा सर्व्हर असो, विद्यापीठाचा असो की रेल्वेचा, लिनक्स आले की एक्सझेड येणारच. बाजारातून आणलेल्या सामानाबरोबर पिशवी यावी तसे ते येते, आणि पिशवी कुणी शिवली हे जसे आपण विचारत नाही तसे तेही कुणी विचारत नाही. या एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या दोन ताज्या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. ज्याच्याकडे त्याची गुप्त किल्ली असेल त्याला परवलीचा शब्द न देता सर्व्हरमध्ये शिरून हवी ती आज्ञा देता आली असती. गंमत अशी की, एसएसएचचा आणि एक्सझेडचा थेट संबंधच नाही. काही लिनक्स वितरणांनी आपल्या सोयीसाठी एसएसएचला एक जोड दिली होती. त्या जोडीच्या मागोमाग एक्सझेडचा कोड आत येत होता. हा आडवळणाचा रस्ता हेरणारा माणूस सामान्य नव्हता.

सुदैवाने या आवृत्त्या डेबियन, फेडोरा यांच्या चाचणीसाठीच्या शाखांपर्यंतच पोहोचल्या होत्या. मोठ्या संस्था ज्या स्थिर आवृत्त्या वापरतात त्यांत त्या जायच्या होत्या. आणखी काही महिने गेले असते तर काय झाले असते याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. या प्रकरणावर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. पण बहुतेकांचे लक्ष चोरदरवाजाच्या कारागिरीकडे होते. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न. हा चोर घरात शिरला कसा? तो कुलूप तोडून आला नव्हता. त्याला किल्ली देण्यात आली होती, आणि तीही ‘मदतनीस हवा आहे’ म्हणून.

आर्जव, मग तगादा

एक्सझेड वर्षानुवर्षे एकट्याने सांभाळत होते ते फिनलंडचे लासे कॉलिन. पगार नाही, कचेरी नाही. फावल्या वेळचे काम. २०२१ च्या अखेरीस ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी त्यांना लहानसहान सुधारणा पाठवू लागले. सुधारणा बऱ्या होत्या. २०२२ च्या उन्हाळ्यात मात्र आणखी काही नावे पुढे आली आणि त्यांनी कॉलिन यांच्यामागे तगादा लावला. कामाला इतका उशीर का, तुम्हाला रस उरला नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या, अशी ती भाषा. त्यांतले एक नाव ‘जिगर कुमार’ असे होते. आपल्याकडच्या वाचकाला ते गुजरातेतले वाटेल. पण त्या नावामागे कोण होते हे आजवर उघड झालेले नाही, आणि ‘जिया टॅन’ हे नाव चिनी वाटते म्हणून तो माणूस चिनी, असे म्हणण्यालाही काही आधार नाही. ही सारी नावे एकाच कटातील असावीत, असा बहुतेक जाणकारांचा तर्क आहे. या तगाद्यावर कॉलिन यांनी दिलेले उत्तर वाचण्यासारखे आहे. आपला रस गेलेला नाही, पण दीर्घकाळच्या मानसिक अस्वास्थ्यामुळे आणि इतर कारणांमुळे फारसे काम होत नाही, असे त्यांनी सांगितले. आणि हा बिनपैशाचा छंद आहे याचीही नम्रपणे आठवण करून दिली. जिया टॅन यांना पुढे मोठी जबाबदारी देता येईल, असेही त्यांनी त्याच सुमारास सुचवले.

आणि तसेच झाले. २०२३ मध्ये जिया टॅन स्वतः नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करू लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये चोरदरवाजा आला. तो चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींत दडवलेला होता, आणि त्याला जागा करणारा तुकडा सर्वांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हताच. वाटपासाठी बांधलेल्या गाठोड्यात तेवढा तो होता. दोन वर्षांहून अधिक काळ एखादा माणूस, किंवा माणसांचा गट, इमानेइतबारे काम करतो, विश्वास कमावतो, आणि मग तो एकदम वटवतो. हा हल्ला यंत्रावर नव्हता. थकलेल्या एका माणसाला मदतीची किती गरज आहे, हे हेरून तो केलेला होता.

सतरंज्या उचलणारे

मराठी माणसाला ‘कार्यकर्ता’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सभेच्या व्यासपीठावर बसणारे वेगळे आणि सभा संपल्यावर सतरंज्या उचलणारे वेगळे, हे आपल्याला ठाऊक असते. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातही व्यासपीठ आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्याच विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला, या कथा सर्वांना ठाऊक आहेत. कोड सर्वांना खुला असावा, त्यात हवा तो बदल करण्याचे स्वातंत्र्य असावे, हा विचार थोर आहे आणि त्याने जग बदलले याबद्दल दुमत नाही. पण नवे काही उभारण्याचा उत्साह वेगळा आणि उभारलेले दहा-वीस वर्षे चालते ठेवणे वेगळे. या दुसऱ्या कामाला तिथे ‘मेंटेनर’ लागतो.

हा मेंटेनर दिवसभर नवा कोड लिहीत असेल, अशी बाहेरच्यांची समजूत असते. प्रत्यक्षात त्याचा बराचसा वेळ टपाल वाचण्यात जातो. कुणाचे सॉफ्टवेअर चालत नाही, कुणाला नवी सोय हवी, कुणी पाठवलेले ठिगळ तपासायचे, ते का नको हे त्याला न दुखावता सांगायचे. एका संगणकावर चालणारे दुसऱ्यावर का बंद पडले ते शोधायचे. दस्तऐवज जुने झाले ते सुधारायचे. सुरक्षेतला दोष कळला तर रात्री उठून दुरुस्त करायचा. आपल्याकडे ‘बिनपगारी, फुल अधिकारी’ असे थट्टेने म्हणतात. मेंटेनरची स्थिती नेमकी तशीच असते. अधिकार मात्र खरोखरच फुल असतो, कारण त्याने ‘प्रसिद्ध करा’ म्हटले की त्याचा कोड लाखो यंत्रांवर जातो. जिया टॅनला हवा होता तो हाच अधिकार.

एरिक रेमंड या लेखकाने १९९७ च्या सुमारास एक सिद्धांत मांडला. पाहणारे डोळे पुरेसे असतील तर कोणताही दोष लपून राहत नाही, असा त्याचा आशय. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी तो मंत्रासारखा जपला. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ने या मंत्राला पहिला मोठा तडा दिला. बँकांपासून टपालापर्यंत सगळ्या सुरक्षित व्यवहारांचा भार ज्याच्यावर, त्या ओपनएसएसएलमध्ये दोन वर्षे एक गंभीर दोष पडून होता. चौकशीअंती लोकांना कळले की, हे सॉफ्टवेअर पूर्ण वेळ सांभाळणारा जेमतेम एक माणूस आहे आणि वर्षाकाठी देणग्या येतात सुमारे दोन हजार डॉलरच्या. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’च्या वेळी हीच कथा. पाहण्याची मुभा सर्वांना होती, पाहत कुणीच नव्हते. सार्वजनिक विहिरीचे पाणी सगळे भरतात, गाळ काढायची पाळी कुणाची हे ठरलेले नसते, तसा हा प्रकार.

हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये एक हिशेब मांडला. मुक्त सॉफ्टवेअर नसते तर ते वापरणाऱ्या कंपन्यांना साऱ्याची उभारणी स्वतः करावी लागली असती, आणि तिचा खर्च सुमारे ८.८ लाख कोटी डॉलर इतका आला असता. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा अधिक बोलका आहे. या मूल्यातला ९६ टक्के वाटा अवघ्या ५ टक्के प्रोग्रॅमरांनी निर्माण केलेला आहे.

मदतीचीही अडचण

मग स्वयंसेवक वाढवा, असे कुणीही म्हणेल. पण फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएममधल्या अनुभवावरून १९७५ मध्येच सांगून ठेवले आहे की, रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे लावली तर ते अधिकच रखडते. नव्या माणसाला शिकवायला जुन्याचाच वेळ जातो. कंपनीत हा खर्च पगारातून निघतो. स्वयंसेवी कामात शिकवलेला माणूस महिन्याभराने परीक्षा आली म्हणून निघून गेला तर विचारणार कुणाला? पहिले ठिगळ पाठवणारे पुष्कळ असतात. पाचवे पाठवणारा दुर्मिळ.

त्यातच मदत मिळवण्यासाठी बक्षिसे लावली की काय होते, याचा नमुना २०२० च्या ऑक्टोबरात दिसला. डिजिटलओशन ही कंपनी दर ऑक्टोबरला ‘हॅक्टोबरफेस्ट’ भरवते. तेव्हा मुक्त प्रकल्पांना चार सुधारणा सुचवल्या की टी-शर्ट मिळत असे. हेतू चांगला होता. पण त्या वर्षी टी-शर्टासाठी अक्षरशः कचरा पडला. कुणी एका शब्दाच्या जागी दुसरा घातला, कुणी ‘उत्तम प्रकल्प’ एवढीच ओळ जोडली. मेंटेनर मंडळी संतापली आणि स्पर्धा चालू असतानाच आयोजकांना नियम बदलून, ज्या प्रकल्पाची इच्छा असेल त्यालाच सहभागी करून घ्यावे लागले. या पुराचा एक झरा आपल्याच देशातला होता, हे सांगितले पाहिजे. सुधारणा कशी पाठवावी हे शिकवणारे व्हिडिओ आपल्याकडे लाखोंनी पाहिले जातात, आणि गुरुजींनी फळ्यावर जे उदाहरण काढले तेच विद्यार्थी खऱ्या प्रकल्पावर गिरवतात. २०२४ च्या सुरुवातीला ‘एक्स्प्रेस’ या वेबसाठीच्या प्रसिद्ध प्रकल्पाला असाच अनुभव आला. माहितीपत्रकात स्वतःचे नाव घालणाऱ्या ‘सुधारणां’ची रीघ लागली, आणि त्या नाकारत बसण्याचे काम मेंटेनरांच्या गळ्यात पडले.

या मुलांना नुसते हसून भागणार नाही. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाला नोकरीच्या मुलाखतीत ‘मुक्त प्रकल्पात काय केलेस’ असे विचारतात, आणि त्याला कॉलेजात कुणी हे शिकवलेले नसते. त्याच्यापुढे दिसते ती एकच वाट, कुठेतरी आपले नाव चिकटवण्याची. गूगलने २००५ पासून चालवलेल्या ‘समर ऑफ कोड’मध्ये दर वर्षी भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने निवडले जातात आणि त्यांतले काही पुढे खरोखर टिकतात, हेही तितकेच खरे. फरक कशात आहे? तिथे प्रत्येकामागे एक मार्गदर्शक असतो आणि कामाला मुदत असते. दोन्ही गोष्टींना माणसाचा वेळ लागतो, टी-शर्टाला तो लागत नाही.

अलीकडे यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. ‘कर्ल’ हे कोट्यवधी यंत्रांत वसलेले सॉफ्टवेअर सांभाळणारे स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०२५ मध्ये जाहीर तक्रार केली की, सुरक्षेतले दोष म्हणून येणाऱ्या अहवालांत यंत्राने रचलेले, दिसायला भारदस्त पण आतून पोकळ असे अहवाल वाढत चालले आहेत. लिहिणाऱ्याला मिनिट लागते, खोटे आहे हे ठरवायला तास.

पारखून घेतलेली माणसे

या सगळ्यात डेबियनचे उदाहरण मला नेहमी विचार करण्याजोगे वाटते. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नाही, आणि त्याचे सुमारे हजारभर अधिकृत सदस्य जगभर विखुरलेले आहेत. १९९९ मध्ये सदस्यसंख्या भराभर वाढली तेव्हा त्यांनी नवे अर्ज घेणेच काही काळ थांबवले, आणि नंतर नव्या पद्धतीने ते सुरू केले. आता सदस्य व्हायचे तर आधी जुन्या सदस्याच्या मार्फत काम पाठवावे लागते. तो तपासतो आणि आपल्या नावावर पुढे करतो. मग कुणीतरी शिफारस करायची. प्रकल्पाची तत्त्वे, कार्यपद्धती आणि कसब यांवर प्रश्नोत्तरे होतात, तीही महिनोन्‌महिने चालतात. शिवाय सदस्याला प्रत्यक्ष भेटून, ओळखपत्र दाखवून, त्याच्या डिजिटल किल्लीवर आपली खूण घालून घ्यावी लागते. डेबियनची वार्षिक परिषद सप्टेंबर २०२३ मध्ये कोचीला भरली होती. अशा परिषदांत व्याख्यानांइतकेच महत्त्व या किल्ल्यांच्या देवाणघेवाणीला असते. २००७ पासून त्यांनी मधली एक पायरीही केली. सगळ्या घराची किल्ली न देता एखाद्या खोलीची द्यायची, म्हणजे ठरावीक पॅकेज तेवढी सांभाळायची. आणि ज्यांना कोड लिहिता येत नाही, पण भाषांतर किंवा दस्तऐवज करता येतात, त्यांनाही मतदानाचा हक्क असलेले सदस्यत्व देण्याची सोय तिथे आहे.

ही पद्धत किचकट आहे, कंटाळवाणी आहे, तिच्यावर टीकाही भरपूर होते. जिया टॅन तिला फसवू शकला नसता असेही नाही. दोन वर्षे थांबू शकणारा माणूस खोटे ओळखपत्रही मिळवील. पण एक्सझेडमधली खरी फट ओळखपत्राची नव्हतीच. तिथे पारखणारा एकटा होता, थकलेला होता, आणि त्याच्या निर्णयाकडे शेजारून पाहणारे कुणी नव्हते. म्हणून ‘प्रत्येक स्वयंसेवकाची ओळख सक्तीने पटवा’ ही जी मागणी त्यानंतर झाली, ती मला अपुरी वाटते, आणि थोडी धोक्याचीही. जुलमी राजवटीत राहणाऱ्या, नाव लपवून काम करणाऱ्या चांगल्या प्रोग्रॅमरांचे दार तिने बंद होईल. ज्याच्यामागे एखादे सरकार उभे असेल त्याचे होणार नाही.

दार पूर्ण बंद ठेवून उत्तम चाललेलेही एक घर आहे. ‘एसक्यूलाइट’ हा लहान डेटाबेस आज जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. त्याचा कोड कुणीही घ्यावा, विकावा, वाटेल ते करावे. पण बाहेरच्याने लिहिलेला कोड रिचर्ड हिप आणि त्यांचे मोजके सहकारी स्वीकारत नाहीत. त्यांना स्वयंसेवक नकोतच. हे परवडते कारण ज्या कंपन्यांना एसक्यूलाइट लागतो त्या वर्गणी भरतात. म्हणजे प्रश्न शेवटी वर्गणीपाशी येतो.

वर्गणी कोणी भरायची?

हार्टब्लीडनंतर डझनभर बड्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने दर वर्षी प्रत्येकी एक लाख डॉलर, असे तीन वर्षे देण्याचे ठरवले. ओपनएसएसएलची स्थिती त्यामुळे खरोखर सुधारली. जर्मन सरकारने २०२२ मध्ये अशा पायाभूत सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी ‘सॉव्हरिन टेक फंड’ काढला. आपल्याकडे झेरोधा या दलाली कंपनीने २०२४ मध्ये जगभरच्या मुक्त प्रकल्पांना वर्षाला दहा लाख डॉलर देण्याची योजना जाहीर केली. एका खासगी कंपनीला जे सुचले ते सरकारला का सुचू नये? भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचे धोरण स्वीकारले, आधारची प्रचंड यंत्रणाही मोठ्या प्रमाणावर त्याच्यावरच उभी आहे. वापराचा आग्रह धरला गेला, गाळ काढण्याच्या पाळीबद्दल कुणी बोलले नाही.

पैशाने कार्यकर्ते मिळत नाहीत, अशी शंका काही जण घेतात. ती निम्मी खरी आहे. पण पैशाने वेळ मिळतो, आणि माणूस पारखायला वेळच लागतो. फ्रॉइंड यांना अर्ध्या सेकंदाच्या मागे लागता आले, कारण पोस्टग्रेसवर काम करण्याचा त्यांना पगार मिळतो. लिनक्सच्या गाभ्यावरचे बहुतांश कामही आज पगारी अभियंतेच करतात. त्यांच्या कंपन्यांनी आठवड्याचे काही तास अशा दुर्लक्षित लहान प्रकल्पांना उसने दिले, तर ते देणगीपेक्षा अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते.

मराठीपुरते बोलायचे तर फायरफॉक्स किंवा लिबरऑफिस मराठीत दिसते ते प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या कष्टामुळे. ‘लोहित’सारखा मुक्त देवनागरी टंक ज्या रेड हॅटच्या नावावर आहे त्या कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी तो बरीच वर्षे सांभाळला. ही कामेही एकदा करून संपत नाहीत. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर नवी वाक्ये येतात, आणि भाषांतर करणारा मागे पडला की मराठी पडद्यावर इंग्रजी ओळी डोकावू लागतात. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या, पण मराठी चांगले येणाऱ्या पदवीधराला या क्षेत्रात शिरण्याची ही सर्वांत सोपी वाट आहे. आपली विद्यापीठे प्रकल्पाचे गुण वेळेवर छापलेल्या वहीला देतात. वर्षभर एका सॉफ्टवेअरचे मराठी अद्ययावत ठेवल्याबद्दल का देऊ नयेत?

एक्सझेडचे पुढे काय झाले? लासे कॉलिन परतले, जिया टॅनचे सारे काम त्यांनी तपासायला घेतले आणि २९ मे २०२४ रोजी चोरदरवाजा काढून टाकलेली ५.६.२ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. युरोपने दरम्यान नवा कायदा केला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तो अमलात आला असला तरी त्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायची आहेत. युरोपात डिजिटल वस्तू विकणाऱ्याला तिच्यात कोणकोणते सॉफ्टवेअर घटक आहेत त्याची यादी ठेवावी लागेल आणि त्यांतल्या दोषांची जबाबदारीही घ्यावी लागेल. फुकट घेतलेला घटक असला तरी तिथे विकणारा ‘तो आमचा नाही’ म्हणू शकणार नाही. पुण्यातून, बंगळुरातून तिकडे माल पाठवणाऱ्या कंपन्यांनाही ही यादी करावी लागणार आहे. ती करताना ‘हे सध्या कोण सांभाळते, आणि किती जण’ असा आणखी एक रकाना आपणहून घालायला कुणाची ना नसावी.